मेल्यावरचा वकील

आमच्या घरात हळदीशिवाय काही नव्हतं, आणि ती हळदही आमची नव्हती.

बाप गेला तेव्हा मी दुसरीत होते. तेरावं उरकलं आणि सासरच्यांनी मायला माहेरी पोचवून दिलं, चार दिवस विसावा घे म्हणून. ते चार दिवस संपलेच नाहीत. मामाचं गाव कळमनुरीच्या रस्त्यापासून आत. मामानं आम्हाला घरामागच्या कोठीत जागा दिली. एका भिंतीला हळदीची पोती, दुसऱ्या भिंतीला आम्ही मायलेकी. काढणी झाली की पोती वाढायची आणि आमची जागा आखडायची. हळद बाजारात गेली की पुन्हा पाय पसरता यायचे. त्यामुळं हळदीचा भाव घरात सगळ्यांत आधी मला कळायचा.

माय वावरात राबायची. हळद खणायची, शिजवायची, वाळत घालायची. मजुरी नव्हती, घरचंच काम. दोन वेळचं जेवण होतं, वर्षाला लुगडं होतं, माझी फी मामा भरायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण मामा वाईट माणूस नव्हता. पण माझ्या मायनं त्या घरात ताटावर बसून कधी भाकर मागून घेतल्याचं मला आठवत नाही. पुढ्यात आलं तेवढं खाऊन ती उठायची.

हिंगोलीच्या कॉलेजात मुली माझे हात बघून विचारायच्या, "का गं, हळद लागली का तुला?" मी म्हणायची, "लागली, जन्मापासून." मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्ही घराण्यांत, बाप्यांना धरून, ती पहिली पदवी. हे मी जिथं तिथं सांगते. लोकांना ती बढाई वाटते, वाटू द्या.

वकीलसाहेबांची गाठ त्याच वर्षी पडली.

ते काळा कोट घालत नसत आणि कोर्टात जात नसत. "मी कोर्टात गेलो म्हणजे माझं काम बिघडलं असं समजायचं," असं ते म्हणत. मृत्युपत्र, वाटणीपत्र, बक्षीसपत्र आणि व्यापाऱ्यांची इन्कम टॅक्सची विवरणं, एवढंच त्यांचं काम. गावातले दुसरे वकील त्यांना मागून 'मेल्यावरचा वकील' म्हणायचे. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांना ते नाव इतकं आवडलं, की फोन उचलला की तेच सांगायचे. पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवायचा.

हिंगोलीच्या जुन्या बाजारात वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. त्यात टेबल होतं, खुर्च्या होत्या आणि मधोमध सुतळीनं विणलेली एक बाज होती. मृत्युपत्र करायला आलेल्या म्हाताऱ्याला ते आधी बाजेवर आडवं व्हायला लावत. "खुर्चीत बसलेला माणूस जमिनीचं बोलतो, आडवा झालेला घरचं बोलतो," हे त्यांचं म्हणणं. मार्च महिना लागला की ती बाज भिंतीला उभी करून ठेवायचे. मार्चमध्ये कुणी आडवं व्हायचं नाही, स्वतः साहेबांनीसुद्धा.

खिशाला दोन पेनं असत. त्यातल्या एकात शाई नसे. म्हाताऱ्याबरोबर आलेला मुलगा मध्येच म्हणायचा, "साहेब, इथं जरा दुरुस्ती करतो." साहेब शांतपणे ते बिनशाईचं पेन त्याच्या हातात द्यायचे. मुलगा कागदावर बराच वेळ गिरवून बघायचा, झटकायचा, पुन्हा गिरवायचा. तोवर म्हाताऱ्याचं सांगून झालेलं असायचं.

सगळ्यांना त्यांचा एकच प्रश्न असे. नाव, गाव, गट नंबर सगळं नंतर. आधी विचारायचे, "तुमच्या मागं पहिलं भांडण कशावरून होईल?"

प्रत्येक माणूस सांगायचा, "न्हाई साहेब, आमच्या लेकरायत भांडण न्हाई व्हायचं."

"बराबर. पण झालंच तर विहिरीवरून का वाटेवरून?"

मग माणूस थोडा वेळ छताकडं बघायचा आणि म्हणायचा, "मोटारीवरून व्हईल, साहेब. मोटार धाकट्यानं आणली, पण विहीर थोरल्याच्या वाट्याला येऊन राहिली." तिथून साहेब लिहायला घ्यायचे. त्यांच्या वाटणीपत्रांत कुठल्या भावानं कुठल्या वारी पाणी घ्यायचं, शेवग्याच्या शेंगा कोणाच्या, आई दिवाळीला कुणाकडं असेल, हे सगळं असायचं. दुय्यम निबंधक कार्यालयातला कारकून कपाळावर हात मारून घ्यायचा. "साहेब, हे वाटणीपत्र आहे का संसार?"

"दोन्ही वेगळं असतं का?" साहेब विचारायचे. प्रामाणिकपणे विचारायचे, तेच अवघड होतं.

कळमनुरीच्या बाजारादिवशी ते तिथल्या एका शिंप्याच्या दुकानात दिवसभर बसायचे. बाजाराला आलेला म्हातारा एकटा असतो. बायको नाही, पोरं नाहीत, सून कान देऊन नाही. पिशवी खाली ठेवून माणूस तिथं मनातलं बोलतो. साहेबांची निम्मी मृत्युपत्रं त्या शिलाई मशीनच्या खडखडाटात सांगितली गेलेली आहेत. शिंपी सगळं ऐकायचा आणि त्यातलं काही सांगायचा नाही. एकदाच सांगितलं त्यानं, मला. ते पुढं येईल.

आता आमच्याकडची रीत. बाप गेला की त्याच्या जमिनीला मुलींचीही नावं लागतात, कायदाच तसा आहे. मग भाऊ बहिणीला तालुक्याला घेऊन जातो, ती हक्कसोड लिहून देते, भाऊ तिला साडी घेतो, हॉटेलात भजी खाऊ घालतो आणि तिन्हीसांजेच्या आत घरी. बहीण सही करते कारण माहेर राहिलं पाहिजे. किती एकर सोडलं हे निम्म्या बायकांना माहीत नसतं. साडीचा रंग मात्र जन्मभर लक्षात राहतो.

मामानंही मायला तसंच आणलं. आजोबांच्या मागं राहिलेलं चार एकर वावर, वारस ती आणि मामा, दोघंच. मी सोबत गेले होते, कारण त्या दिवशी माझी परीक्षा संपली होती. मामा वकीलसाहेबांकडं गेला तो त्यांची फी कमी असते असं ऐकून. त्याची चूक तेवढीच.

साहेबांनी कागद बघितले आणि विचारलं, "बाईंनी वावर पाहिलंय का?"

मामा हसला. "साहेब, रोज तिथंच राबती ती."

"राबणं वेगळं. काय सोडून राहिल्या ते पाहिलंय का? न पाहिलेली वस्तू मी कुणाला सोडू देत नाही. चला."

हा त्यांचा नियम होता. हक्कसोड करायला आलेल्या प्रत्येक बाईला ते तिच्या भावाबरोबर वावरात घेऊन जायचे, बांधाबांधानं फिरवायचे. बहुतेक बायका फिरून आल्यावरही सहीच करायच्या. साहेब त्यांना अडवायचे नाहीत. असा नियम का केला म्हणून मी पुढं कितीदा विचारलं. "मला फिरायला आवडतं," एवढंच सांगायचे. खरं कारण असेलही काही. त्यांनी सांगितलं नाही, मी लावत बसले नाही.

त्यांच्या जुन्या गाडीत मामा पुढं, आम्ही मागं. वावर आलं. मामा भराभरा आत शिरला. साहेब बांधावर थांबले, चपला काढल्या, मायकडं बघितलं आणि म्हणाले, "मालक, येऊ का आत?"

मायनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"तुम्हालाच विचारतोय, बाई. आज तारखेला निम्मं तुमचं आहे. मालकाला विचारल्याशिवाय मी कुणाच्या रानात जात नाही."

मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "या की," ती म्हणाली. ते इतकं हळू, की शेजारी उभी असून मला अंदाजानं कळलं.

हळद निघाली होती, वावर मोकळं होतं. सगळे बांध फिरून झाले. विहिरीजवळ चिंचेखाली साहेबांनी तिला तो प्रश्न विचारला. मृत्युपत्राचा प्रश्न, हक्कसोडीला विचारायचं काही कारण नव्हतं. "बाई, तुमच्या मागं पहिलं भांडण कशावरून होईल?"

मामा म्हणाला, "तिच्यामागं कशाचं भांडण, साहेब? तिचं हाय काय?"

माय चिंचेच्या बुंध्याकडं बघत होती. म्हणाली, "माह्या मातीवरून व्हईल."

"म्हणजे?"

"मी मेल्यावर मला कुठं जाळायचं, त्याच्यावरून. सासरचे म्हणतील ती तिकडंच राह्यली, आमची न्हाई. इथलं गाव म्हणल लेक दुसऱ्याची, तिकडं न्या. दोघं बी खोटं न्हाईत. मंग मला घेऊन जायचं कुठं, हे या पोरीला कोण सांगंल?"

मी तिची मुलगी. शिकलेली. मी रोज तिच्या शेजारी झोपत होते. तिच्या मनात हे चालू असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मामाचा चेहरा तांबडा झाला. "असं काहून बोलून राहिली अक्का? मी मेलो का? काय कमी केलं मी तुला?"

"काही कमी न्हाई केलं, भाऊ."

"मंग?"

ती बांधाकडं चालायला लागली. साहेबांनी चपला हातात घेतल्या. "आज कागद होणार नाही," ते म्हणाले. "घरी जाऊन बोला." आणि गाडीत बसताना माझ्याकडं वळून, "तू काय करतेस?"

"बी.कॉम. झालं आताच."

"म्हणजे हिशेब येतो. भांडण समजतं का?"

"आता समजाया लागलं," मी म्हणाले.

"मग वकिलीला नाव घाल. आणि माझ्याकडं ये. पगार थोडा आहे, फिरणं भरपूर."

पुढचे महिने वाईट गेले. मामी मायशी बोलेना. चुलीजवळ गेलं की ती भांडी आपटायची. "वकिलानं डोकं फिरवलं नणंदेचं, आता वाटा मागती," असं शेजारी सांगायची. मायनं वाटा मागितलाच नव्हता. तिनं काहीच मागितलं नव्हतं, आणि सहीही केली नव्हती. रोज वावरात जायची, रोज परत यायची. मी नांदेडला वकिलीला नाव घातलं आणि उरलेले दिवस साहेबांकडं. रात्री कोठीत तिला म्हणायची, "माय, कायद्यानं दोन एकर तुझे आहेत. मी लढते." ती म्हणायची, "लढून घेतल्यावर भाकर कोणाच्या घरी खायची?" याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. मी शोधलं होतं.

त्या दिवसांत साहेबांकडं शिकले ते आजही पुरतं. एक व्यापारी आला होता. त्यानं कुरुंद्याकडं जमीन घेतली होती आणि दुकानाची सगळी कमाई हळदीची म्हणून दाखवायची होती, कारण शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. साहेबांनी विचारलं, "शेठ, हळद शिजवली कधी?"

"गड्यानं शिजवली ना. दिवाळीच्या टायमाला."

मी फाइल लावत होते, मला हसू आवरेना. दिवाळीला हळद जमिनीत हिरवीगार उभी असते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग शेठकडं. "तुमची हळद कपाटात पिकते, शेठ. कपाटाला पाणी कोण देतं?" आणि फाइल परत. फी बुडाली. साहेब दिवसभर खुशीत होते. मला म्हणाले, "तुझे हात पिवळे आहेत त्याचा आज पहिल्यांदा पगार मिळाला तुला." तेव्हापासून मी हात लपवणं सोडलं.

आणि ते स्वतःचं मृत्युपत्र दरवर्षी नवीन लिहायचे. दिवाळीच्या पाडव्याला फराळ मांडला की घरच्यांसमोर वाचून दाखवायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनीसाहेब, वैतागायच्या, "यंदा तरी चकल्या खाऊन होऊ द्या." पुण्याहून आलेला थोरला मुलगा म्हणायचा, "बाबा, मागच्या वर्षी शिसवी कपाट मला होतं."

"मागच्या वर्षी तू दर रविवारी फोन करायचास."

धाकटा तेवढ्यात कपाट कुणाला गेलं ते डोकावून बघायचा. त्या घरात मेल्यावर उघडायचं असं काही उरलेलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साहेब गेले तेव्हा मुलं दहा दिवस नुसती बसून त्यांच्या आठवणी काढत होती, करायला दुसरं काही नव्हतं. शेवटच्या मृत्युपत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या मागं पहिलं भांडण माझी पुस्तकं कोणी न्यायची यावरून होईल, कारण ती कुणालाच नको आहेत. ती आणि बाज माझ्या ज्युनियरकडं जावीत.' बाज आज माझ्या ऑफिसात आहे. मार्चमध्ये मीही ती उभी करून ठेवते.

पण मायचं राहिलं.

पोळा झाला आणि एका सकाळी मामा कोठीच्या दारात येऊन उभा राहिला. "अक्का, चल हिंगोलीला. विहिरीकडचा एक एकर तुझ्या नावानं करतो. तहहयात." मामी आतून काहीतरी बोलली. मामा तिच्यावर ओरडला नाही, नुसता म्हणाला, "गप. तुला बी दोन पोरी हायेत."

मामाला काय झालं ते कळायला मला वर्षं गेली. शिंप्यानं सांगितलं ते हेच. मामा बाजाराच्या दिवशी सदरा घ्यायला दुकानात गेला होता. साहेब बसलेले होतेच. त्यांनी मायचा विषय काढलाच नाही. विचारलं, "तुमच्या मागं पहिलं भांडण कशावरून होईल?"

"न्हाई व्हायचं, साहेब. पोरी सोडून देतील, पोरगं ठिवून घेईल."

"बराबर. आणि एखादी पोरगी उलटून घरी आली तर झोपेल कुठं?"

"माह्या घरी. कुठं म्हंजे?"

"तुम्ही नसल्यावर?"

शिंपी म्हणाला, "तुझा मामा उठला आणि सदरा न घेताच गेला. पुढच्या बाजारापर्यंत सदरा माझ्याकडंच पडून होता."

ऑफिसात साहेबांनी मसुदा तयार ठेवला होता. 'तहहयात' हा त्यांचा लाडका शब्द. "आयुष्यभर लिहिलं की लोकांना लग्नपत्रिका वाटते. तहहयात लिहिलं की घाबरून वागतात," असं म्हणायचे. त्यांनी तो कागद मोठ्यानं वाचला. माय बाजेच्या कडेला बसून ऐकत होती, आडवी झाली नव्हती.

"साहेब, तहहयात म्हंजे काय?"

"तुम्ही जिवंत आहात तोपर्यंत एकर तुमचा. पीक तुमचं, कुणी उठवू शकत नाही."

"आन मेल्यावर?"

"मेल्यावर परत भावाकडं."

मायनं मामाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. साहेबांना म्हणाली, "जित्तेपणी तर भाऊ संभाळूनच राहिला की. मला मेल्यावरच पाहिजे, साहेब."

इतकी वर्षं लोकांच्या मेल्यानंतरचं लिहिणाऱ्या माणसाचा मसुदा त्या एका बाबतीत चुकला होता. साहेबांनी पेन काढलं, शाईचं, आणि तहहयातवर आडवी रेघ मारली. मग मामाला विचारलं, "काय लिहू?"

मामा हाताच्या बोटांकडं बघत होता. त्याची बोटंही पिवळीच. "लिहा साहेब," तो म्हणाला, "कायमचं. तिच्यामागं पोरीचं." आणि पुढं, "बाकीच्या तीन एकरांवरचा हक्क तिनं सोडला, हे बी लिहा. न्हाईतर घरी जाता येणार न्हाई मला." माय हसली. मामाही हसला. येताना त्यानं तिला साडी घेतली. हिरवी, मोरपिशी काठाची.

त्यानंतर माय बारा वर्षं जगली. कोठीतून आम्ही निघालो, चिंचेजवळ दोन खोल्या बांधल्या. तिची हळद ती स्वतः शिजवायची, पोत्यांवर स्वतःची खूण करायची. जेवताना मी मुद्दाम बघायची. भाकर संपली की ती हाक मारायची, "अजून एक टाक गं."

ती गेली ती हळदीच्या काढणीत. सासरी फोन केला तर चुलत दीर म्हणाला, "आता इतक्या सालानं इकडं काहून आणता?" गावातला एक म्हातारा मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "लेक परक्याची हाय, सासरी न्यावं लागतं तिला." चिंचेखाली ती बोलली होती, जसंच्या तसं.

मामा थकला होता, काठी घेऊन चालायचा. तो म्हाताऱ्याला म्हणाला, "तिचं वावर हाय. तिकडंच न्यायची. कुणाला इचारायचं न्हाई."

विहिरीच्या पलीकडं, काढणी झालेल्या तुकड्यात चिता रचली. अग्नी मी दिला. मामानं माझं मनगट धरलं होतं. परत वळले तेव्हा बांधावर साहेब उभे दिसले. तेव्हा ते होते अजून, पण गुडघे गेले होते, ड्रायव्हरच्या खांद्यावर हात टाकून आलेले. सगळं गाव आत होतं. ते एकटे बांधाबाहेर, चपला काढून.

माझ्याकडं बघून म्हणाले, "मालक, येऊ का आत?"

मी म्हणाले, "या, साहेब."

मायच्या मागं भांडण झालं नाही. फेरफार झाला. त्या एकराच्या सातबाऱ्यावर आज माझं नाव आहे, आणि यंदा त्यात हळद लावली आहे.